हिमालयनला एक्स्ट्रा लाईट्स लावताना वायरिंग कसं करायचं

पावसाळ्यात आंबोली किंवा रात्री वरंधा घाट ज्यांनी केलाय त्यांना वेगळं सांगायला नको, रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४११ या बाईकचा कंपनीचा ६०/५५ वॅटचा हॅलोजन तिथे पुरत नाही. त्यात या गाडीचा हेडलाईट फ्रेमला फिक्स आहे, हँडल वळवलं तरी तो वळत नाही, म्हणजे हेअरपिनला आपण डावीकडे वळतोय आणि उजेड सरळ दरीत. त्यामुळे लाईट घेताना नुसतं "किती लांब जाते" बघू नका. घाटाला पसरट उजेड लागतो, स्पॉटचा (लांब जाणारा अरुंद झोत) उपयोग हायवेला. एकच जोडी घ्यायची असेल तर पसरटच घ्या.

धुक्यात पिवळी लाईट डोळ्याला बरी वाटते हे खरं, पण रंगापेक्षा ती खाली बसवलेली असणं जास्त महत्त्वाचं. वरून मारलेला पांढरा झोत धुक्यावर आपटून परत आपल्याच डोळ्यात येतो. म्हणून क्रॅश गार्डला, हेडलाईटच्या खाली, हीच जागा बेस्ट. क्लॅम्प घेताना गार्डच्या पाईपची जाडी मोजून न्या, आत रबर असलेला घ्या आणि नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेला) लावा, सिंगल सिलिंडरच्या व्हायब्रेशनला साधा नट टिकत नाही.

आता वॅट. स्वस्त लाईटच्या डब्यावर काहीही छापलेलं असतं, प्रत्यक्षात निम्मं पण निघत नाही कधीकधी, तेव्हा मल्टीमीटरने ॲम्पिअर बघितल्याशिवाय डब्यावर विश्वास नको. खरे २० वॅटचे दोन धरले तर ४० वॅट, १२ व्होल्टला साधारण ३.३ ॲम्पिअर. गाडीचा अल्टरनेटर एवढं आरामात सोसतो, पण बॅटरी छोटी असते हे लक्षात असू द्या, टेंट लावताना इंजिन बंद करून लाईट चालू ठेवली की सकाळी सेल्फ "खट्" करून गप्प.

सामान: चार पिनचा १२ व्होल्टचा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) सॉकेटसकट, ब्लेड फ्यूज आणि त्याचा वॉटरप्रूफ होल्डर, दीड स्क्वेअर एमएमची चांगली तांब्याची वायर, हँडलला बसणारा स्विच, हीट श्रिंक (गरम केल्यावर वायरवर आवळणारी नळी), झिप टाय, क्रिम्पिंगचे लग (वायरच्या टोकाला दाबून बसवायचे). पुण्यात असाल तर नाना पेठेत एका फेरीत सगळं मिळतं. इन्सुलेशन टेपवर भागवू नका, उन्हात ती चिकट होऊन सुटते आणि मग आत पाणी.

गॅरेजवाले बऱ्याचदा हेडलाईटच्या वायरलाच जोड मारून देतात, दहा मिनिटांत काम, आणि बघायला मस्त पेटते पण. अडचण अशी की ती वायर आणि तो स्विच फक्त हेडलाईटच्या करंटसाठी बनवलेला असतो, वर अजून तीन-चार ॲम्पिअर टाकले की गरम होऊन कपलर (वायरी जोडायचा प्लास्टिकचा प्लग) वितळायला लागतो. रिलेमुळे स्विचमधून फक्त कॉईलपुरता चिमूटभर करंट जातो, लाईटचा खरा करंट थेट बॅटरीतून येतो.

जोडणी अशी. सुरुवातीलाच बॅटरीची निगेटिव्ह काढा, आणि ती परत लावायची सगळ्यात शेवटी. बॅटरी पॉझिटिव्हपासून वीतभर अंतराच्या आतच फ्यूज, तिथून रिलेची ३० नंबर पिन. ८७ मधून दोन्ही लाईटची पॉझिटिव्ह. लाईटच्या निगेटिव्ह फ्रेमला न देता वायर ओढून बॅटरीच्या निगेटिव्हलाच आणा, फ्रेमवर पेंट असतो, गंज धरतो, मग लाईट फडफडते आणि लोक लाईटला शिव्या घालतात. ८५ पण निगेटिव्हला. राहिली ८६, ती स्विचमधून ट्रिगरला, म्हणजे रिलेला चालू करणारे १२ व्होल्ट जिथून घ्यायचे त्या वायरला.

फ्यूज या लोडला ७.५ चा पुरे. "१५ चा टाका, जळायची कटकट नको" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, फ्यूज वायरीला वाचवायला असतो, मोठा टाकला की शॉर्ट झाल्यावर फ्यूज टिकतो आणि वायर जळते, तीही पेट्रोलच्या टाकीखाली.

ट्रिगर कुठून घ्यायचा यावर मात्र माझं मत ठाम आहे. २०१७ पासूनच्या गाड्यांना हेडलाईट बंद करायचा स्विचच नाही, म्हणजे लो बीमवरून ट्रिगर घेतला आणि स्विच चालू राहून गेला तर भर दुपारी लक्ष्मी रोडला पण पेटलेल्याच. नुसत्या इग्निशनवरून घेतला तर समोरून एसटी आली की डिपर मारायचा आणि शिवाय दुसरं बटण पण दाबायचं, घाटात तेवढा अंगठा मोकळा नसतो. म्हणून हाय बीमच्या वायरवरून घ्या. डिपर मारला की एक्स्ट्रा पण आपोआप बंद, समोरचा आंधळा होत नाही. ती वायर शोधायला हेडलाईटच्या कपलरमागे मीटर लावा, हाय केल्यावर १२ व्होल्ट यायला हवेत आणि लो केल्यावर जायला हवेत. धुक्यासाठी पिवळी वेगळी जोडी असेल तर तिला मात्र वेगळा रिले, वेगळा स्विच आणि ट्रिगर इग्निशनवरून, कारण धुक्यात हाय बीम चालवायचाच नसतो.

नवीन गाडी असेल आणि वॉरंटी चालू असेल तर ओरिजिनल वायर कापू नका. मधे बसणारा प्लग-इन कपलर मिळतो तो घ्या, नाहीतर उद्या इलेक्ट्रिकलचा काहीही फॉल्ट आला तरी बोट तुमच्या लाईटकडेच.

वायर टाकीखालून फ्रेमच्या कडेने न्या, सायलेन्सरच्या बेंडपासून लांब. हँडल दोन्ही बाजूंना लॉकपर्यंत फिरवून बघा, कुठे वायर ताणली जात असेल तर तिथे अजून दोन बोटं सैल सोडा आणि मगच झिप टाय आवळा. रिले पिना खाली करून सीटखाली लावा, म्हणजे पाणी आलंच तर साठणार नाही. निगेटिव्ह लावा, इंजिन चालू करा, हाय बीम टाका, स्विच दाबा, रिलेचा टिक असा आवाज यायला हवा. टिक आला पण लाईट नाही, तर ३०-८७ ची बाजू किंवा फ्यूज बघा. टिकच नाही, तर ट्रिगर किंवा ८५ ची निगेटिव्ह बघा. लाईट चालू असताना बॅटरीवर मीटर लावून थोडा रेस द्या, १३.५ च्या वर दिसलं की चार्जिंग बरोबर चाललंय.

शेवटचं काम ॲंगलचं, आणि बरेच जण नेमकं हेच सोडतात. सपाट जागेवर भिंतीपासून २५ फुटांवर गाडी उभी करा, स्टँडवर नाही, स्वतः बसून, आणि टूरला जे सामान बांधता ते मागे बांधून, कारण मागे वजन आलं की पुढचा झोत वर जातो. लाईट जमिनीपासून जेवढ्या उंचीवर आहे तेवढ्या उंचीला भिंतीवर खडूने रेघ मारा, उजेडाची वरची कड त्या रेघेच्या दोन-तीन इंच खाली ठेवा. डावीकडची किंचित बाहेर वळवली तर रस्त्याची कड आणि साईडपट्टी छान दिसते.

शहरात बंदच ठेवा, पोलीस चलन करतात ते वेगळं, पण समोरच्या स्कूटीवाल्याला खरंच काही दिसत नाही. आणि पहिल्या लांब राईडनंतर क्लॅम्पचे बोल्ट एकदा ॲलन कीने परत आवळून घ्या, नवीन रबर दबतं आणि लाईट हळूहळू खाली मान टाकते.