गुलाबी दिसलं म्हणजे स्नायू नव्हे

नववीत ऊतींचे चार प्रकार तुम्ही पाठ केलेच असतील: अभिस्तर, संयोजी, स्नायू, चेता. मीही मराठी माध्यमातली. तेवढ्याच शिदोरीवर एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी हिस्टॉलॉजीच्या (ऊतींचा मायक्रोस्कोपखालचा अभ्यास) स्पॉटिंगला, म्हणजे स्लाइड ओळखायच्या परीक्षेला, उभी राहिले आणि टेंडनच्या (स्नायू हाडाला जोडणारा दोर) स्लाइडसमोर ‘स्मूथ मसल’ (अपट्टकी स्नायू) लिहून आले. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, सरांनी एवढंच विचारलं, “टेंडन आकुंचन पावतो का?” अजूनही ते आठवलं की पोटात गोळा येतो.

नेमकं कुठे फसले ते सविस्तर सांगते. एच अँड ई (हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन) या नेहमीच्या रंगात दोन्ही स्लाइड गुलाबी, दोन्हींत समांतर धागे, दोन्हींत लांबट केंद्रकं. मी रंग बघत बसले. बघायचं असतं केंद्रक कुठे आहे ते. स्मूथ मसलमधला गुलाबी भाग म्हणजे पेशीच, म्हणून केंद्रक त्याच्या आत, मधोमध, टोकांना गोलसर. टेंडनमधला गुलाबी भाग म्हणजे पेशींच्या बाहेरचं कोलॅजेन, प्रथिनाचे चिवट धागे. पेशी त्याच्या जुड्यांमध्ये चेपलेल्या, म्हणून केंद्रकं मोजकी, रेघ ओढल्यासारखी बारीक, ओळीनं लागलेली.

एवढं डोळ्यांत बसलं की कार्य वेगळं घोकावं लागत नाही. पेशी आकुंचन पावते. कोलॅजेन ताण सोसतं आणि स्नायूची ओढ हाडापर्यंत नेतं. पेशी विरळ, आधारक (पेशींमधला भराव) भरपूर, ही संयोजी ऊतीची खूण. रक्तही त्यातलंच, फक्त आधारक पातळ: प्लाझ्मा. अभिस्तर याच्या उलट, पेशींना पेशी खेटलेल्या. चेता ऊतीची धास्ती घेऊ नका, मोठ्या पेशीतली ठळक केंद्रकी (केंद्रकातला गडद ठिपका) लगेच दिसते.

सीनियरांनी पाठवलेल्या स्लाइडच्या फोटोंवर अजिबात विसंबू नका. माझा घात त्यांनीच केला. फोटोत कायम निवडक, देखणी जागा असते. परीक्षेत रंग उडालेली स्लाइडही येते. त्यापेक्षा लॅबमधल्या मामांना विनंती करा. आमच्या मामांनी दोन्ही स्लाइड शेजारच्या दोन मायक्रोस्कोपांवर लावून दिल्या. कुठल्याही नोट्सपेक्षा त्या अर्ध्या तासानं मला जास्त शिकवलं. आधी दहाची लेन्स, मग चाळीसची, आणि जर्नलात गुलाबी-जांभळ्या पेन्सिलीनं स्वतः काढा.

आडवा छेद आला तर गडबडू नका. स्मूथ मसलचे लहानमोठे गुलाबी ठिपके दिसतील आणि थोड्याच ठिपक्यांत केंद्रक असेल. स्लाइड खराब नाही. बाकीच्या पेशी केंद्रकापासून लांब, टोकाकडे कापल्या गेल्यात.