आयरिस हवाय? मग ‘वॉकिंग आयरिस’ लावा

आयरिस हे शोभेचं फुलझाड. त्यातला पाकळ्यांवर केसाळ पट्टा असलेला ‘दाढीवाला’ आयरिस थंड प्रदेशातला. फुलण्यासाठी त्याला हिवाळ्यात चांगला गारठा लागतो, त्यामुळे मुंबई-कोकणात त्याचे महागडे कंद मागवण्यात अर्थ नाही. त्याऐवजी वॉकिंग आयरिस, म्हणजे निओमारिका, आणा. सकाळचं कोवळं ऊन, दुपारी सावली आणि पाणी न साचणारी माती, एवढ्यावर तो खूश. पांढरं-निळं फूल एकच दिवस टिकतं, तेव्हा कुंडी सकाळचा चहा घेता तिथेच ठेवा! फूल मिटलं तरी दांडा मात्र कापू नका. त्याच्या टोकाला पिल्लू, म्हणजे नवं छोटं रोप, येतं आणि वजनाने दांडा खाली वाकतो. ते पिल्लू शेजारच्या कुंडीतल्या ओलसर मातीवर टेकवून तारेच्या आकड्याने अडकवा. मुळं घट्ट धरल्यावरच दांडा तोडा.