डेटाच्या मांडणीवर पेटंट: दावा कसा बांधावा

पेटंटच्या अर्जात ‘दावा’ म्हणजे नेमक्या कशावर हक्क हवा ते सांगणारे वाक्य. तो लिहिण्याआधी एक कसोटी लावा. माध्यमावरच्या (डिस्क, मेमरी अशा साठवणीवरच्या) डेटातला एकेक भाग पुसला तर काय होईल ते पाहा. चित्र नुसते बिघडले, पण यंत्र चालत राहिले, तर तो भाग माणसासाठीचा मजकूर. त्यावर पेटंट नाही. यंत्राचेच काम अडले, तर तो कार्यात्मक डेटा, आणि अर्जाचा खरा आधार तोच. युरोपीय पेटंट कार्यालयाच्या अपील मंडळाने २००० साली टी ११९४/९७ या निर्णयात हाच फरक धरला. तिथे चित्राच्या ओळींसोबत ओळक्रमांक, पत्ते आणि सिंक्रोनायझेशनच्या (वाचन ओळींशी जुळवून घेण्याच्या) खुणाही नोंदवल्या होत्या.

दाव्याची सुरुवात ‘डेटाची रचना’ या शब्दांनी करू नका. ‘ही रचना साठवलेली मेमरी’ किंवा ‘माध्यम’ लिहा. अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने १९९४ साली लॉरी प्रकरणात अशा मेमरीच्या दाव्याला पेटंट कार्यालयाने दिलेला नकार रद्द केला. त्याच वर्षी वॉर्मरडॅम प्रकरणात नुसत्या रचनेचा दावा मात्र टिकला नाही. अमेरिकेतल्या दाव्यात ‘नॉन-ट्रान्झिटरी’ (क्षणिक नसलेले) हा शब्दही घालावा. तो नसेल तर ‘माध्यमा’त वाहता सिग्नलही येतो असे परीक्षक धरू शकतो, आणि सिग्नलचा दावा २००७ पासून बादच ठरतो.

बहुतेक मसुदे फसतात ते पुढे. ‘पहिले फील्ड (नोंदीतला रकाना), दुसरे फील्ड’ एवढेच लिहिले तर तो नुसता तक्ता होतो. प्रत्येक फील्ड कोण वाचतो, केव्हा वाचतो आणि त्यावरून काय करतो, हे दाव्यातच यायला हवे. उदाहरणार्थ: ‘प्रत्येक नोंदीच्या आरंभी पुढच्या नोंदीपर्यंतचे अंतर साठवलेले असून, वाचक यंत्र ते वाचून मधला डेटा न उलगडता पुढच्या नोंदीवर जाते.’ हे अंतर ४ बाइटांचे आहे, ही गोष्ट मुख्य दाव्यात नको, उपदाव्यात (मुख्य दाव्याला जादा तपशील जोडणाऱ्या दाव्यात) टाका. नाहीतर स्पर्धक ८ बाइट वापरून सहज निसटेल.

फायद्याचे मोजमाप वर्णनात पहिल्याच दिवशी द्या: एक नोंद शोधायला जुन्या मांडणीत डिस्क किती वेळा वाचावी लागते, नव्या मांडणीत किती वेळा. अर्ज दाखल झाल्यावर वर्णनात नवा मजकूर घालता येत नाही.

माध्यमाबरोबर लिहिण्याची पद्धत आणि वाचक यंत्र यांचेही स्वतंत्र दावे ठेवा. माध्यम म्हणजे चकती (डिस्क) विकणारा एक आणि ती वाचणारे यंत्र बनवणारा दुसराच असतो. फक्त यंत्राचा दावा असेल तर चकतीवाल्याला थेट धरणे अवघड जाते.