रोमन काळातील ग्रीक शहरांची नाणी कशी जमवावीत

रोमची सत्ता पूर्वेकडे स्थिरावल्यानंतरही ग्रीस, थ्रेस (बाल्कनचा आग्नेय भाग), आशिया मायनर (आजच्या तुर्कस्तानचा आशियाई भाग) आणि सीरिया येथील शेकडो शहरे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत स्वतःची नाणी, मुख्यतः ब्राँझची, पाडत राहिली. दर्शनी बाजूस बहुधा सम्राटाचा चेहरा असे. मागील बाजूवर मात्र शहराचा अभिमान उमटे. इफिससने आर्टेमिस देवीचे मंदिर, पर्गामनने वैद्यकदेव अस्क्लेपिओस आणि कपाडोकियातील सीझरियाने आपला अर्गाइओस पर्वत नाण्यांवर आणला. त्यामुळे सम्राटांची यादी पुरी करण्यापेक्षा एकच शहर निवडून त्याची नाणी जमवणे मला अधिक अर्थपूर्ण वाटते.

सुरुवातीसाठी निकिया, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझनिक, हे शहर सोयीचे आहे. सम्राट तिसऱ्या गॉर्डियनच्या कारकिर्दीत (इ.स. 238 ते 244) तेथे पाडलेली, मागील बाजूस लष्करी निशाणदंड उभे असलेली लहान ब्राँझ नाणी बाजारात विपुल आहेत आणि त्यामानाने स्वस्तही मिळतात.

खरेदीपूर्वी ग्रीक मोठी अक्षरे शिकून घ्यावीत. त्याला फार वेळ लागत नाही. इंग्रजी ‘पी’सारखे दिसणारे अक्षर ‘र’ असते, ‘एच’सारखे दिसणारे दीर्घ ‘ए’ असते आणि या काळात ‘स’ बहुधा ‘सी’च्या आकारात कोरलेला असतो. शहराचे नाव सहसा षष्ठीच्या अनेकवचनी रूपात येते, म्हणून ‘निकाइएओन’ याचा अर्थ ‘निकियावासीयांचे’ असा होतो. निकियाच्या नाण्यांवर हे शब्द सरळ ओळीत नसतात. एकेक दोन-दोन अक्षरे निशाणदंडांच्या मधल्या जागेत बसवलेली आणि उरलेली खाली, तळरेषेखाली ढकललेली असतात. ती जोडत वाचण्याची सवय झाली की झिजलेले नाणेही ओळखता येते. कोरिंथसारख्या रोमन वसाहतींनी मात्र लॅटिन लेख वापरले. क्षत्रप राजा नहपानाची चांदीची नाणी हाताळलेल्या आपल्याकडील संग्राहकांना ग्रीक अक्षरांची ओळख आधीच असते, कारण नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंबी येथे सापडलेल्या साठ्यातील त्या नाण्यांवर ब्राह्मी आणि खरोष्ठीबरोबर ग्रीक लिपीतही लेख आहे.

त्यानंतर नाण्याची नोंद शोधावी. ‘रोमन प्रोव्हिन्शियल कॉइनेज’ या सूचीचा पहिला खंड 1992 मध्ये निघाला आणि तिची ऑनलाइन आवृत्ती विनामूल्य पाहता येते. तेथे शहर आणि सम्राट यांवरून शोध घेऊन चित्र, व्यास व वजन पडताळावे. तंतोतंत जुळणी न झाल्यास घाई करू नये. एकाच चित्राचे वेगवेगळे छाप (नाणी ठोकण्याचे साचे) आणि लेखातील बारीक फरक या नाण्यांत नेहमीच आढळतात.

अस्सलपणा तपासताना कड भिंगाखाली पाहावी. कडेवर फिरणारी जोडरेषा किंवा पृष्ठभागावरील बुडबुड्यांसारखे खड्डे ओतीव नकलेचा संशय देतात. उलट, मध्यभागी असलेली लहान गोल खळी दोष मानू नये; थ्रेस व आशिया मायनरच्या अनेक अस्सल ब्राँझ नाण्यांवर ती दिसते. केसांच्या रेषा अस्वाभाविक धारदार आणि भोवतालची पार्श्वभूमी मात्र घासून गुळगुळीत केलेली असेल, तर नंतर कोणी कोरकाम केले असण्याची शक्यता आहे. असे नाणे स्वस्त असले तरी घेऊ नये.

नाणे कोठून आले, हा प्रश्न किमतीच्या आधी विचारावा. तुर्कस्तानात 1983 च्या कायद्याने अशी नाणी देशाबाहेर नेण्यास मनाई आहे, त्यामुळे प्रवासात शेतकरी किंवा फेरीवाला देऊ करील ते नाणे नाकारावे. जुना लिलाव, जुना संग्रह, पावती यांचा माग असलेलेच नाणे घ्यावे. उकरून काढताना त्या जागेचा जो पुरावा नष्ट होतो, तो पुन्हा कधीच मिळत नाही. भारतात 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तू ठरतात आणि खासगी व्यक्तीला ती निर्यात करता येत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

घरी आणल्यावर नाणे घासू नये आणि त्यावरचा जुना स्थिर थर काढू नये. फिकट हिरवी, बोटाला लागणारी भुकटी दिसू लागली तर तो ब्राँझचा रोग होय. क्लोराइड आणि दमट हवेमुळे तो पसरतो, म्हणून असे नाणे लगेच बाजूला काढून जाणकाराला दाखवावे. कोकणासारख्या दमट हवेत सिलिका जेलसह बंद डबा वापरावा आणि पीव्हीसीची पाकिटे टाळावीत. प्रत्येक नाण्यासोबत शहर, सम्राट, वजन, व्यास, सूचीतील क्रमांक आणि खरेदीचा तपशील लिहिलेली चिठ्ठी ठेवावी.