रोलर कोस्टरला बसायचं कसं

खोपोलीजवळच्या इमॅजिकाला निघताय? पेण-अलिबागकडून घाट चढावा लागत नाही. गेट उघडताच आधी ‘नायट्रो’ हा रोलर कोस्टर गाठा, कारण पुढे रांग वाढतच जाते. सकाळी घावणे बेताने खा. ही गाडी फ्लोअरलेस, म्हणजे पायाखाली फळीच नाही. सैल चपला काढूनच बसा, सुटली ती गेली.

पुढची जागा दृश्यासाठी बरी, पण मी म्हणेन शेवटची रांग धरा. पुढचे डबे उताराला लागले की मागच्यांना खेचतात, म्हणून शेवटचा माणूस माथ्यावरूनच वेगात खाली जातो आणि सीटवरून चक्क उचलला जातो. पोटात गोळा येतो तो इथेच! डोकं सीटच्या पाठीला टेकवा, नजर पुढच्या रुळावर ठेवा. दांडी आवळून धरलीत तर खांदे दुखतील.

गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९चं. तिथे खाडी ओलांडायची बोट हीच आम्हा पोरांची पहिली राइड असे. परतीला मात्र सगळे पेंगलेले.

जत्रेतल्या आकाशपाळण्याला वेगळा नियम: आधी रिकामा पाळणा फिरताना ऐका. करकरला, तर सरळ भजी खायला जा.