२६ फुटी की ३२ फुटी? जुनी शिडाची बोट ठरवण्याआधीची तयारी

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर साउदॅम्प्टन-पोर्ट्समथच्या पट्ट्यात राहणाऱ्या, दोन उन्हाळे दुसऱ्यांच्या बोटींवर काढून आता स्वतःची घ्यावी म्हणणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे लिहितोय. जाहिराती चाळताना शेवटी प्रश्न बहुधा अशा जोडीवर येऊन थांबतो: वेस्टर्लीची २६ फुटी सेंटॉर घ्यावी, की त्याच कंपनीची ३२ फुटी फुलमार? दोन्ही फायबरग्लासच्या, दोन्ही दणकट. मोठीच्या आत पाऊल टाकलं की मन तिथेच बसतं, म्हणून बघायला जाण्याआधीच घरी हिशेब मांडून ठेवा.

विकत घ्यायची किंमत एकदाच मोजायची असते. मरीनाचं, म्हणजे बोटी बांधून ठेवायच्या बंदराचं, भाडं मात्र मीटरमागे आणि दर वर्षी. क्रेनने बाहेर काढणं, हिवाळ्यात यार्डात ठेवणं, तळाला रंग लावणं, हे सगळंही लांबीवरच ठरतं. शिवाय लांबी थोडी वाढली की वजन बरंच वाढतं: सेंटॉर साधारण ३ टनांची, फुलमार साडेचारच्या आसपास. म्हणजे नांगर जड, साखळी जाड, दोर जाड, विंच (दोर ताणायचे चरख) मोठे, आणि शिडाचं कापडही जास्त. वर्षाच्या खर्चाचा आकडा दोन्ही बोटींसाठी शेजारी शेजारी लिहा आणि घरात सगळ्यांना दाखवा. पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी किमतीचा निदान पाचवा हिस्सा हातात उरत नसेल, तर मोठीचा विचार तिथेच सोडावा असं माझं स्पष्ट मत आहे.

मग बोट ठेवणार कुठे ते ठरवा. सोलेंटमध्ये, म्हणजे किनारा आणि आइल ऑफ वाइट बेट यांच्यामधल्या समुद्रपट्ट्यात, साउदॅम्प्टन-पोर्ट्समथकडे उधाणाला पाणी सुमारे ४ मीटर चढतं-उतरतं आणि ओहोटीला कितीतरी खाड्या कोरड्या पडतात. सेंटॉरला दोन बाजूंना दोन कील (तळाखालचे जड पंख) असतात. पाणी गेलं की ती चिखलात दोन पायांवर सरळ उभी राहते, तिला तीनेक फूट पाणी पुरतं. त्यामुळे ओहोटीला कोरडी पडणारी, स्वस्तातली जागा चालते. मात्र तिथे भरती असेल तेव्हाच निघायचं आणि भरतीलाच परतायचं. फुलमार बहुतेक एका खोल कीलची, तिला पाच फुटांहून जास्त पाणी लागतं. जोडकीलवालीही मिळते, म्हणून जाहिरात नीट वाचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: हात किती आहेत? हौसेने येतो म्हणणारे मित्र धरू नका, दर शनिवारी खरोखर येणारे मोजा. दोघंच असाल आणि त्यातला एक मुलांकडे बघणार असेल, तर बोट एकट्यालाच हाकता आली पाहिजे. चाचणी फेरीत विक्रेत्याला स्वस्थ बसायला सांगा. सुकाणू जोडीदाराच्या हातात द्या, वाऱ्यात मोठं शीड स्वतः आखडून बघा, मग मरीनात मागे घेऊन बोट धक्क्याला लावा. बाजूचा वारा असताना साडेचार टन धक्क्यापासून सरकू लागले की हाताने ओढून थांबत नाहीत. याच फेरीत जोडीदाराचा चेहरा आक्रसलेला दिसला, तर लहान बोट घ्या.

आणि जायचं कुठे? आइल ऑफ वाइटवरचं काउस, यारमथ, न्यूटाउनच्या खाडीत एक रात्र नांगर टाकणं, एवढंच मनात असेल तर २६ फूट भरपूर झाले. फ्रान्समधल्या शेरबुर्गला जायचं असेल तर नीडल्सपासून (बेटाच्या पश्चिम टोकाच्या खडकांपासून) सुमारे ६० सागरी मैल आहेत. ५ नॉटने (ताशी ५ सागरी मैल) बारा तास, ६ नॉटने दहा. मोठ्या बोटीचा खरा फायदा इथे दिसतो, कारण लाटांमध्ये तिचा वेग कमी घटतो आणि माणसं कमी थकतात. ज्यांचा पासपोर्ट भारतीय आहे त्यांनी शेंगेन व्हिसाचंही याच वेळी बघावं.

बघायला जाताना टॉर्च, प्लास्टिकची हातोडी, जुने कपडे आणि वही बरोबर ठेवा. पोचल्याबरोबर इंजिनावर हात ठेवा. ते गार असायला हवं; आधीच तापवून ठेवलं असेल तर गार असताना सुरू व्हायला किती कुरकुरतं ते कळणार नाही. सुरू झाल्यावर मागून पाणी पडतंय का आणि धुराचा रंग कोणता, ते बघा. तळ माठासारखा वाजवून बघायचा: खणखणीत आवाज आला तर ठीक, कुठे बद्द वाजला तर तिथे खडूने खूण करा. सेंटॉरमध्ये झोपायच्या फळ्या उचलून किली जिथे तळाला जोडल्यात तिथे बारीक चिरा किंवा गंजाचे ओघळ शोधा, तिचं नाजूक ठिकाण ते. सीकॉक (तळातून पाणी आत-बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या पितळी झडपा) जरा खरवडा. पिवळ्याऐवजी गुलाबी धातू दिसला तर तो आतून पोखरलाय, बदलावाच लागेल. छताचं कापड लोंबत असेल तर घाबरू नका, जुन्या वेस्टर्लींत ते होतंच. काम किचकट, पण तेवढ्यासाठी बोट सोडू नये.

डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारा कधी बदलल्या त्याची पावती मागा. तारा दहा-पंधरा वर्षांहून जुन्या असतील तर विमा कंपनी अडून बसू शकते. कागदांत आधीच्या मालकांपासूनची विक्रीपत्रं आणि व्हॅट भरल्याचा पुरावा हवा. ब्रिटनच्या स्मॉल शिप्स रजिस्टरमधली (लहान बोटींच्या सरकारी नोंदवहीतली) नोंद मालकीचा पुरावा धरली जात नाही, तेव्हा तेवढ्यावर पैसे देऊ नका.

दोन्हीपैकी जी उरेल तिच्यासाठी सर्व्हेअर (बोट तपासणारा तज्ज्ञ) स्वतः शोधा, विक्रेत्याने सुचवलेला नको. बोट पाण्याबाहेर काढून तपासणी होईल आणि अहवाल वाईट आला तर बयाणा परत मिळेल, हे करारात लिहून घेतल्यावरच बयाणा द्या.