केव्ह डायव्हिंगमध्ये फोटो काढायचेत? कोल्हापुरात बसून तयारी कुठनं सुरू करायची

आपल्याकडं बरेचजण विहिरीत मुटके मारत पोहायला शिकलेत, त्यामुळं पाण्याची भीती अशी नसते, आणि फ्लोरिडातल्या झऱ्यांचे नाहीतर मेक्सिकोतल्या सेनोटींचे, म्हणजे पाण्यानं भरलेल्या चुनखडीच्या कुंडांचे, ते काचेसारख्या पाण्यातले फोटो बघितले की पहिला प्रश्न येतो, कॅमेरा कुठला घेऊ? कॅमेरा सगळ्यात शेवटी घ्या. आधी डायव्हिंग, मग टीम, मग लाइट, आणि मग कॅमेरा. हा क्रम उलटा केला तर माणूस वर येत नाही, हे जितकं स्पष्ट सांगता येईल तितकं सांगतोय, कारण केव्ह डायव्हिंग म्हणजे पाण्यानं भरलेल्या गुहेत शिरणं, तिथं वर छत असतं, काही झालं तर सरळ वर निघून जाता येत नाही, आलेल्या वाटेनंच परत यावं लागतं.

मालवणला जाऊन केलेलं स्कुबा, म्हणजे इन्स्ट्रक्टर मागनं सिलिंडर धरतो आणि आपण मासे बघतो ते, याच्यात धरू नका. गगनबावड्यावरनं करूळ घाट उतरला की मालवण-तारकर्ली जवळच आहे, तिथं पाऊस सोडून बाकीच्या सीझनमध्ये रीतसर ओपन वॉटर कोर्स, म्हणजे उघड्या पाण्यातला स्कुबाचा पहिला कोर्स, करता येतो, तो करा, मग अ‍ॅडव्हान्स्ड करा, मग भरपूर डायव्ह करा. केव्हर्न आणि केव्हचे कोर्स मात्र तिथंच जाऊन करायचे जिथं गुहा आहेत, मेक्सिकोत तुलूमच्या आसपास नाहीतर फ्लोरिडात हाय स्प्रिंग्ज गावाच्या परिसरात. केव्हर्न म्हणजे जिथवर बाहेरचा उजेड दिसतो तेवढाच भाग, त्याच्या पुढं केव्ह. कोर्स चालू असताना कॅमेरा हॉटेलवरच ठेवायचा.

एवढं कडक कशाला असं वाटत असेल तर फ्लोरिडातल्या गिनी स्प्रिंग्जचा नियम बघा. तिथल्या डेव्हिल्स सिस्टिम या गुहांमध्ये साध्या ओपन वॉटर डायव्हरला टॉर्च न्यायलाच परवानगी नाही, कारण हातात टॉर्च असली की माणूस अजून थोडं आत बघूया म्हणून जातो. कितीतरी गुहांच्या तोंडाशी यमदूताचं चित्र असलेला बोर्ड लावलाय, इथनं पुढं जाऊ नका म्हणून. शेक एक्सली या अमेरिकन केव्ह डायव्हरनं १९७० च्या दशकात केव्हमधल्या अपघातांचा अभ्यास करून जे सांगितलं त्यात नंतर भर पडून आजही हे शिकवलं जातं: ट्रेनिंग, बाहेरपर्यंत सलग दोरी, गॅसचा म्हणजे सिलिंडरमधल्या हवेचा हिशोब, खोलीची मर्यादा आणि प्रत्येकाकडं कमीत कमी तीन लाइट. कॅमेरा हातात आला की या पाचांतलं काहीतरी डोक्यातनं निसटायला लागतंय, हाच खरा धोका आहे.

आता कोल्हापुरात काय करता येतं ते. स्विमिंग पूलवाल्याची परवानगी काढा, सोबत एक डायव्हर मित्र घ्या, आणि तळाच्या फरशीपासून हातभर वर आडवं तरंगत राहायची प्रॅक्टिस करा, पाय गुडघ्यात वाकवून वर, पायातली फिन तळाला लागता कामा नये. मग हातात कॅमेऱ्याच्या वजनाचं काहीतरी धरून तेच करा. शटर दाबताना बहुतेकांचा श्वास आपोआप थांबतो, छाती भरलेली असली की शरीर वर उचललं जातं, आणि तसंही स्कुबात श्वास रोखून धरायचा नसतोच, त्यामुळं हळू श्वास सोडत क्लिक करायची सवय पूलमध्येच लावून घ्या. पायानं वरखाली किक मारायची सवयसुद्धा मोडावी लागते, केव्हमध्ये फ्रॉग किक मारतात, बेडकासारखे पाय, पाणी मागं ढकललं जातं खाली नाही, कारण तळाला बारीक गाळ असतो आणि एक चुकीची किक बसली की काही सेकंदात समोरचा हातसुद्धा दिसत नाही. उलटं मागं सरकायची किक पण शिका, फोटोग्राफरला ती सगळ्यात जास्त लागते, फ्रेम लावताना मागं जायला भिंतीला हात लावून चालत नाही.

लाइटचा अभ्यास तर पाण्याशिवाय होतो. गुहेत उजेड शून्य, त्यामुळं फोटोत जे दिसेल ते तुम्ही नेलेल्या लाइटनंच दिसेल, आणि नवा माणूस दोन्ही फ्लॅश कॅमेऱ्यालाच लावून समोर मारतो. मग होतं काय, जवळची भिंत पांढरीफटक, मागं काळोख, आणि पाण्यात जे बारीक कण असतात ते सगळे चमकून फोटोभर ठिपके, त्याला बॅकस्कॅटर म्हणतात. गुहेची खोली दाखवायची असेल तर लाइट कॅमेऱ्यापासून लांब न्यायला पाहिजे, दुसऱ्या डायव्हरच्या हातात, नाहीतर त्याच्या पाठीवरच्या सिलिंडरला बांधून मागच्या भिंतीकडं तोंड करून. तो डायव्हर उजेडापुढं उभा राहतो, त्याची कड उजळते, मागचा बोगदा उघडतो, आणि बघणाऱ्याला कळतं की माणूस केवढा आणि गुहा केवढी. हे पटत नसेल तर पन्हाळ्यावर अंधारबाव या जुन्या मजली विहिरीत जा, मोबाईल नाहीतर साधा कॅमेरा घेऊन, पाण्यात उतरायचं नाही बरं का, नुसतं आतल्या दगडी मजल्यावर थांबायचं. मित्राला कमानीपाशी उभं करून आधी समोरनं फ्लॅश मारून फोटो काढा, मग फ्लॅश बंद करून त्याच्या पाठीमागनं टॉर्च भिंतीवर मारायला सांगा. दोन फोटो शेजारी ठेवून बघा, माझं पुढचं सगळं बोलणं वाचतंय.

लांबचे फ्लॅश पेटवायला स्लेव्ह सेन्सर वापरतात, कॅमेऱ्याजवळचा छोटा फ्लॅश उडाला की तो उजेड बघून बाकीचे उडतात. दोन गोष्टी सांभाळा. सेन्सरचं तोंड कॅमेऱ्याकडं पाहिजे, आणि फ्लॅश मॅन्युअल मोडवर पाहिजे, कारण टीटीएलमध्ये, म्हणजे कॅमेरा फ्लॅशचा जोर स्वतः ठरवतो त्या मोडमध्ये, खऱ्या फ्लॅशच्या आधी एक छोटा प्रीफ्लॅश जातो आणि लांबचा फ्लॅश त्यालाच फसून आधीच उडून मोकळा होतो. आजकाल बरेचजण नुसत्या व्हिडिओ लाइटवर काढतात, ते सोपं आहे, जे दिसतंय तेच येतं, पण एक अडचण आहे. केव्हमध्ये टीम एकमेकांशी टॉर्चनं बोलते, गोल फिरवली म्हणजे ओके, जोरात आडवी हलवली म्हणजे इमर्जन्सी, आणि मोठे व्हिडिओ लाइट चालू असले की सगळीकडं उजेड पडतो आणि हे सिग्नल दिसतच नाहीत. म्हणून शॉट झाला की लाइट कमी करायचा, एकमेकांना ओके विचारायचं, मग पुढचा शॉट. आणि व्हिडिओ लाइट त्या तीन लाइटमध्ये मोजायचा नाही.

सुरुवातीची सेटिंग म्हणून रॉ फॉरमॅट, आयएसओ ८०० ते १६००, एफ ८ च्या आसपास, शटर फ्लॅश असेल तर १/१२५, नुसता व्हिडिओ लाइट असेल तर १/६० पर्यंत खाली या. लेन्स वाइड किंवा फिशआय, आणि कॅमेऱ्याच्या वॉटरप्रूफ पेटीला, म्हणजे हाउसिंगला, पुढं डोम पोर्ट, म्हणजे घुमटासारखी काच. सपाट काचेच्या पोर्टनं पाण्यात लेन्सचा अँगल कमी होतो, वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठ्या आणि जवळ दिसतात, डोम तो अँगल परत देतो, पण डोमबरोबर अ‍ॅपर्चर फार उघडं ठेवलं तर कोपरे धूसर येतात. फोकस अंधारात शोधत बसतो, म्हणून दिव्याच्या उजेडात तेवढ्या अंतरावर एकदा फोकस करून लॉक करून टाका.

तीन माणसं असली तर काम नीट होतं, एक फोटोग्राफर, एक मॉडेल, एक लाइट धरणारा. कुठल्या ठिकाणी किती फोटो, कोण कुठं थांबणार, हे सगळं वर टेबलावर कागदावर काढून ठरवायचं, पाण्याखाली जाऊन हातवारे करत सुचवत बसायचं नाही. मॉडेलला सांगा की टॉर्च लेन्सवर मारू नकोस, भिंतीवर मार, आणि बघायचं पण तिकडंच.

गॅसचा साधा नियम तिसऱ्या हिश्शाचा, एक भाग आत जायला, एक परत यायला, एक राखीव. म्हणजे सिलिंडरमध्ये २१० बार दाबानं सुरू केलं तर १४० ला मागं फिरायचं. फोटोसाठी हा हिशोब अजून कडक ठेवा, एकाच जागी थांबून गॅस संपत राहतो आणि लक्ष स्क्रीनवर असतं, म्हणून मी म्हणेन १७० लाच फिरा. थंडीचाही विचार करा, फ्लोरिडाच्या झऱ्यांचं पाणी वर्षभर २२ अंशांच्या आसपास असतं, आणि पोझ देत स्थिर राहणारं मॉडेल फोटोग्राफरच्या आधी गारठतं.

प्रत्येक ठिकाणचं पाणी वेगळं वागतं. गिनीला आतनं बाहेर जोराचा प्रवाह आहे, उडालेला गाळ बाहेरच्या दिशेनं वाहतो, त्यामुळं आतल्या बाजूला जो असेल त्यानं जास्त जपायचं, त्याचा गाळ मागच्याच्या फ्रेममध्ये येतो. मेक्सिकोत प्रवाह अगदी मंद, तिथं उडालेला गाळ लवकर हलतच नाही. शिवाय तिथं वर गोडं पाणी आणि खाली खारं, दोघांच्या सीमेला हॅलोक्लाइन म्हणतात, ती ढवळली की सगळं तेल मिसळल्यागत अंधुक दिसतं. पुढं जाणाऱ्याला स्वच्छ दिसतं, मागच्याला नाही, म्हणून फोटोग्राफरनं पुढं जायचं नाहीतर सगळ्यांनी सीमेच्या एकाच बाजूला राहायचं. आणि बुडबुडे छताला लागले की छतावरचे कण खाली पडायला लागतात, जिथं कमी डायव्हर जातात तिथं जास्त, म्हणजे पहिला फोटो हाच सगळ्यात स्वच्छ, तो पोचल्या पोचल्या काढता आला पाहिजे.

सेनोटींमधले ते लोलकासारखे लटकलेले दगडी खांब हिमयुगात समुद्र खाली गेला होता आणि गुहा कोरड्या होत्या तेव्हा थेंबाथेंबानं तयार झालेत. पाण्याखाली ते आता वाढत नाहीत, मोडला तो कायमचा मोडला. सिलिंडर आणि फ्लॅशचे आर्म (फ्लॅश धरणारे दांडे) वर कुठं लागतायत इकडं लक्ष ठेवा, अरुंद जागा असेल तर तो फोटो सोडून द्या. बऱ्याच सेनोटींना कॅमेऱ्याचं वेगळं तिकीट असतं, ते आधी विचारून घ्या.

दोरी कायम नजरेत पाहिजे, कॅमेरा किंवा आर्म दोरीत अडकेल अशा बाजूला कधी जायचं नाही. कॅमेरा क्लिपनं अंगावरच्या पट्ट्याच्या डी-रिंगला, म्हणजे धातूच्या कडीला, लावता आला पाहिजे, एका हातानं, न बघता, हे पूलमध्ये डोळे मिटून करून बघा. गाळ उठला आणि काही दिसेना झालं तर कॅमेरा लटकवा नाहीतर सोडा, हात दोरीवर, टीमला स्पर्शानं हाक, आणि बाहेर. लाखभराचा हाउसिंग तळाला राहिला तर राहू दे, टीम नंतर परत येऊन काढते.

डायव्हनंतर हाउसिंग गोड्या पाण्यात भिजवायचं, बटणं दाबून दाबून, मग पूर्ण कोरडं करून, डोकं पुसून, तोंड खाली धरून उघडायचं, नाहीतर केसातला थेंब बरोबर सेन्सरवर पडतो. हाउसिंगच्या जोडावरच्या रबरी ओ-रिंगवर केस किंवा वाळूचा कण राहिला तर पुढच्या डायव्हला पाणी आत येतं, म्हणून रिंग बोटानं काढा, सुईनं नाही, आणि सिलिकॉन ग्रीस नुसतं चमकण्यापुरतं लावा. कोल्हापूरला परत आल्यावर पावसाळ्यात लेन्स कपाटात तशाच ठेवू नका, आपल्याकडच्या दमट हवेत बुरशी धरते, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि पुड्या गुलाबी झाल्या की बदला.